अपेक्षित वापर

वसाहतीतल्या चारशे बारा घरांमध्ये सगळ्यात जास्त वीज वाचवली म्हणून प्रफुल्ल ताजणेचा सत्कार झाला, तेव्हा त्याच्या बायकोला जाऊन सात महिने झाले होते.

कार्यक्रम समाजमंदिरात होता. मे महिना, सकाळच्या दहालाच वरचा पत्रा तापला होता. शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. त्यावर लिहिलं होतं, 'अपेक्षित वापरापेक्षा त्रेसष्ट टक्के बचत.' मीटरवाल्या कंपनीची मुलगी माइकवर म्हणाली, "सरांनी आपल्या सवयी कशा बदलल्या, ते दोन शब्दांत सांगावं."

प्रफुल्ल उठला. पुढच्या रांगेत शेजारपाजारचे बसले होते. बचतीचं खरं कारण त्या सगळ्यांना माहीत होतं. कुणी खाली पाहत होतं, कुणी पंख्याकडे. प्रफुल्ल "धन्यवाद" म्हणाला आणि बसला.

घरी आल्यावर त्याने प्रमाणपत्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सकाळचा भात पातेल्यात होता. ओट्याशी उभ्यानेच पातेल्यातून चार घास खाल्ले. गेले सात महिने घरी तो असाच जेवत होता.

ही वसाहत चंद्रपूरच्या पुढे, एका बंद पडलेल्या वीज केंद्राच्या कुंपणाला लागून. प्रफुल्लने तिथे सत्तावीस वर्षं बॉयलरवर काढली. केंद्र बंद झालं तेव्हा पंचावन्नच्या आतल्या कर्मचाऱ्यांना नागपूरच्या एका व्यवस्थापन संस्थेत जागा देऊ केल्या होत्या. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. विषय ऊर्जा, पर्यावरण आणि शाश्वतता. बहुतेकांनी ते पत्र घडी करून ठेवून दिलं. प्रफुल्लही ठेवणारच होता. तो बावन्न वर्षांचा होता आणि वर्गातली पोरं बावीस-तेवीसची असणार होती.

ज्योत्स्ना म्हणाली, "कोळसा संपला म्हणून तुमचं डोकं बी संपलं का जी? जा. शनिवार-रविवार तर येसानच."

तो गेला. सोमवारी पहाटेच्या गाडीने नागपूर, शुक्रवारी सायंकाळी परत. होस्टेलवर पोरं त्याला काका म्हणायची आणि त्याच्याकडून बॉयलरच्या गोष्टी ऐकायची. त्याला ताळेबंद वाचता येत नव्हता, तो पोरांनी शिकवला. पोरांना टर्बाइन कशाने फिरतं हे माहीत नव्हतं, ते त्याने शिकवलं.

पहिल्याच आठवड्यात घोटेकर मॅडमनी विचारलं होतं, "न जळालेला कोळसा कुणी पाहिलाय?"

मॅडम प्रफुल्लकडे वळल्या.

"ताजणे, तुम्ही?"

"मी जळालेलाच पाहिला, मॅडम. रोज काही हजार टन."

पोरं हसली. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "आपल्या सगळ्या विषयाची अडचण तीच आहे. बचत डोळ्यांना दिसत नाही. जे घडलं नाही, ते मोजायचं आहे. म्हणून आधी एक न घडलेला दिवस रचावा लागतो. काहीच केलं नसतं तर आज काय झालं असतं, असा दिवस. मग त्यातून खरा दिवस वजा करायचा. उरेल ती बचत. रचलेला दिवस चुकला तर पुढचं सगळं चुकतं. हे वाक्य विसरलात तरी मी तुम्हाला पास करीन, पण पुढे कुणीतरी फसेल."

तो दिवस रचायचं यंत्र प्रफुल्लच्याच वसाहतीत बसलं होतं. कंपनीने त्याला कानोसा असं नाव दिलं होतं. दिसायला साधं मीटर, घराबाहेरच्या पेटीत मावणारं. पण ते नुसती युनिटं मोजत नव्हतं. घरातलं प्रत्येक उपकरण सुरू होताना तारेतल्या प्रवाहाला आपल्या पद्धतीचा धक्का देतं. फ्रिज दचकून सुरू होतो आणि मग गुरगुरत राहतो. मिक्सरचा धक्का दातेरी असतो. गीझर एकदम वर चढतो, सपाट राहतो, एकदम उतरतो. कानोसा सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तपासायचा आणि या धक्क्यांवरून ओळखायचा की आत्ता कूलरचा पंखा लागला, आता पंप लागला. घरात एकही वायर न घालता, नुसतं दाराबाहेर बसून.

एक अख्खं वर्ष त्याने असं ऐकलं. सप्टेंबर ते ऑगस्ट. कोण किती वाजता उठतं, कुणाला चाळीस अंशांना कूलर लागतो आणि कुणाला अडतीसला, सणावाराला काय बदलतं. त्यानंतर तो मोबाइलवर रोज दोन रेषा काढू लागला. भरीव रेषा म्हणजे आजचा खरा वापर. तुटक रेषा म्हणजे अपेक्षित वापर. घरातल्या माणसांनी सवयी बदलल्या नसत्या, तर आजच्या हवेत, आजच्या वारी, आज किती वीज लागली असती ते. दोन रेषांमधली जागा म्हणजे बचत. सगळ्या वसाहतीच्या बचतीचा एक दाखला निघायचा आणि तो लांबच्या एका कारखान्याला जायचा. कारखाना तो आपल्या धुरासमोर मांडायचा. एवढा धूर आम्ही सोडला, पण तेवढा तिकडे वाचवला. बदल्यात वसाहतीला मोठी बॅटरी मिळणार होती. बचत पंधरा टक्क्यांवर गेली तरच. आरोग्य केंद्राची वीज उन्हाळ्यात दुपारी हमखास जायची, तिथे ती बसणार होती.

ज्योत्स्ना ऑक्टोबरात गेली. ऑगस्टच्या शेवटी दुखणं निघालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उशीर झाला. दीड महिन्यात सगळं आटोपलं. तेरवीच्या दिवशी प्रफुल्लच्या मोबाइलवर कानोसाचा तिमाही अर्ज आला. 'घर सोडून गेलेले किंवा मृत सदस्य असल्यास नोंदवा.' त्याने तो तसाच सोडला. नोंदवलं नाही तर घर पूर्वीइतकंच धरायचं, असा नियम होता.

म्हणून कानोसाच्या लेखी त्या घरात अजून ज्योत्स्ना होती.

हे प्रफुल्लच्या लक्षात आलं जानेवारीत. शेवटच्या सत्राचं काम गावातच करायचं होतं म्हणून तो कायमचा घरी आला. एका सकाळी सहज मोबाइल उघडला, तर भरीव रेषा जमिनीला टेकलेली आणि तुटक रेषा पाच चाळीसला वर चढलेली. गीझर. सहा दहाला मिक्सर. आठला धुण्याचं यंत्र, तेही एक दिवसाआड. ही तिचीच वेळ, तिचाच क्रम. तो ओट्याशी चहा करायचा आणि मोबाइल खिडकीत टेकवून ठेवायचा. नुसती जुनी नोंद असती तर त्याला एवढं वाटलं नसतं. नोंदी काय, फोटो भिंतीवर होताच. पण ही रेषा जुना दिवस दाखवत नव्हती. मार्चमध्ये ऊन लवकर तापलं, तर रेषेतला कूलरही दहा दिवस आधी लागला. एप्रिलमध्ये वळवाचा शिडकावा होऊन गारवा आला, त्या दिवशी रेषेने कूलर लावलाच नाही. ज्योत्स्नानेही लावला नसता. खिडकी उघडून बसली असती.

रेषेत एकच गोष्ट त्याला ओळखू येत नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला एक बारीक उंचवटा यायचा, सहा-सात मिनिटांचा. त्यावर बोट ठेवलं की मजकूर यायचा, 'अनोळखी उपकरण'. असेल काहीतरी, असं तो म्हणायचा.

*

शेवटच्या सत्राचं काम म्हणजे याच वसाहतीची बचत तपासून अहवाल देणं. जोडीला संयुक्ता वैरागडे होती. वय चोवीस, आर्णीची, बोलायला फटकळ. तिने आरोग्य केंद्राच्या परिचारिकेकडे खोली घेतली होती. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली.

"काका, एकूण बचत सतरा पूर्णांक दोन आहे. चांगली आहे. पण सारखी पसरलेली नाही. सदतीस घरं एकटीच पन्नास-पन्नास टक्के वाचवून राहिली. एलईडी लावून पन्नास टक्के वाचत नाही."

"नाही वाचत."

"तुमचं घर त्यात पहिलं आहे." ती थांबली. "मला माहीत आहे काका. पण बाकीची छत्तीस पाहावी लागतील."

ती दोघं घरोघर फिरली. चौथं घर लीलाबाई पाझारेंचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या. दारात वाळवणावर बसून कावळे हाकलत होत्या.

"मावशी, घरात किती जणं?" प्रफुल्लने विचारलं.

"सहा."

"आता कोण कोण आहे?"

"आता मी अन् म्हातारा."

"मग बाकीचे चार?"

"पोट्टा, सून अन् लेकरं. गणपतीपासून पुण्याले हायत. वीज केंद्र बंद झालं मंग काय करन त्यानं, राख खाईन?"

"मग अर्जात लिहिलं का नाही, चार जण घर सोडून गेले म्हणून?"

लीलाबाईंनी काठी खाली ठेवली. "प्रफुल्ल, तू शिकून राहिला का इसरून राहिला? घर सोडून गेला असं कसं लिहू मी? जातानी 'येतो' म्हणून गेला तो. दिवाळीले आला नाही का? पोळ्याले येईन." मग संयुक्ताकडे वळून म्हणाल्या, "तू सांग वं, तू घरून निघतं तं आईले काय म्हणतं? जातो म्हणतं?"

"येते म्हणते, आजी."

"झालं मंग. अन् हा पायतो मले कागदावर 'गेला' लिहायले लावाले."

पुढच्या प्रत्येक घरी थोड्याफार फरकाने हेच निघालं. कुणाचा भाऊ सुरतेला, कुणाची दोन्ही मुलं हैदराबादला. बारा घरांत माणूस वारलं होतं. एकानेही अर्ज भरला नव्हता. कुणी लबाडी केली नव्हती. अर्जच असा होता की तो आपल्या हाताने कुणी भरला नसता. निघताना 'येतो' म्हणणाऱ्यांच्या गावात कंपनीने 'गेलेले' विचारले होते आणि कुणीच गेलं नाही असं उत्तर मिळालं होतं.

परत येताना प्रफुल्लला दवाखाना आठवत होता. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात स्ट्रेचर दोन मिनिटं थांबलं होतं. ज्योत्स्नाने चष्मा काढून त्याच्या हातात दिला होता. "येते," म्हणाली होती. "डबा खाऊन घ्या, नाही तर आंबन."

*

घरी पोचेपर्यंत तीन वाजले. संयुक्ता खाटेवर टेकली आणि कळवळली.

"काका, एक प्लग वापरू का? फिरून फिरून कंबरेची वाट लागली. त्यात आजचा दिवस पण तसलाच आहे."

"वापर ना."

तिने पिशवीतून शेकायची रबरी पिशवी काढली. आत पाणी भरलेलंच असतं, वायर लावली की आपोआप तापते आणि तापली की आपोआप बंद होते, तसली. प्लग लावून ती लॅपटॉप उघडू लागली. प्रफुल्लने पाणी आणून ठेवलं. मोबाइल नेहमीसारखा खिडकीत टेकवलेला होता.

तीन वाजून चार मिनिटं झाली होती. तुटक रेषेतला बारीक उंचवटा आला. आणि खालून भरीव रेषा उठली, वर गेली आणि नेमकी त्या उंचवट्यावर जाऊन बसली. तोच चढ, तोच सपाट माथा. सहा मिनिटं आणि थोडे सेकंद. मग पिशवीत टक्क झालं आणि दोन्ही रेषा एकदम खाली आल्या.

सात महिन्यांत त्या दोन रेषा पहिल्यांदाच जुळल्या होत्या.

"काका? काय झालं?"

प्रफुल्लने तिला मोबाइल दाखवला. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने आपल्या लॅपटॉपवर त्या घराची जुनी नोंद उघडली. एकेक महिना मागे सरकवत ती तीनची वेळ पाहत गेली.

"कधीपासून आहे?" प्रफुल्लने विचारलं.

"डिसेंबरपासून. म्हणजे आदल्या डिसेंबरपासून. ऑगस्टपर्यंत." ती अडखळली. "रोज नाही. सोमवार ते शुक्रवार."

"शनिवार-रविवार?"

"नाही काका. शनिवार-रविवार एकदाही नाही."

प्रफुल्ल उठला आणि आतल्या खोलीत गेला. कपाटात साड्यांच्या मागे शिवणाचा डबा होता. डब्याच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, तसलीच पिशवी. रंग फक्त निळा. टॉवेलाला शेकून शेकून पिवळा डाग पडला होता.

आठ महिने. तो नागपूरला वर्गात बसून न घडलेले दिवस मोजायला शिकत होता, तेव्हा ही इथे दुपारी तीनला खाटेवर पालथी पडून पाठ शेकत होती. शुक्रवारी सायंकाळी तो यायचा तोवर पिशवी डब्यामागे गेलेली असायची. त्याला परीक्षा होती. जाऊ नका म्हणाली असती तर तो गेला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं.

कानोसाने सगळं ऐकलं होतं. फक्त ते काय आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला हेही माहीत नव्हतं.

*

संयुक्ताने दुसऱ्या दिवशी हिशेब करून आणला. सदतीस घरं वगळली तर वसाहतीची बचत तेरा पूर्णांक नऊ, चौदाहून जराशी कमी. पंधरा नाही. बॅटरी नाही.

दोघांनी घोटेकर मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"नियमाप्रमाणे तुम्ही सतरा लिहू शकता," त्या म्हणाल्या. "अर्जात नोंद नाही तर सदस्य आहे असं धरा, हे कंपनीच्या पद्धतीत लिहिलेलं आहे. कुणी तुम्हाला खोटं म्हणणार नाही. तेरा नऊ लिहिलंत तर आरोग्य केंद्राची बॅटरी या वर्षी गेली. दुपारी सलाईन लावलेला माणूस तिथे घामाने भिजतो, ते तुमच्या गावातलं आहे, माझ्या नाही. म्हणून मी सांगणार नाही काय लिहा ते. आणि ताजणे, तुमच्या घराचं…"

"हो मॅडम."

"नोंद केलीत की तो तपशील त्याच दिवशी पुसला जातो. मृत माणसाच्या सवयी कुणी साठवून ठेवायच्या नाहीत, असा कायदा आहे. कायदा बरोबर आहे. पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

फोन ठेवल्यावर संयुक्ता म्हणाली, "काका, छत्तीस घरं वगळली तरी आकडा चौदाच येतो. मी बसून पाहिलं. तुमचं घर राहू द्या तसंच. कुणाला काही फरक पडत नाही."

"लीलामावशीला सांगू, तू लिही, मी नाही लिहीत?"

"त्यांना कशाला सांगायचं?"

"आपल्याला माहीत आहे ना."

संयुक्ता नखं पाहत बसली. मग म्हणाली, "मला ही नोकरी पाहिजे होती काका, त्या मीटरवाल्यांकडे. तेरा नऊ लिहिलं की ते मला पाणीही विचारणार नाहीत. तरी लिहू म्हणते. पण तुमचं वेगळं आहे. तुम्ही दोन दिवस घ्या."

त्याने एकच दिवस घेतला. सायंकाळी मुलीला फोन लावून अर्जाचं सांगायला घेतलं. आर्या बंगळुरूला होती. मीटर बसलं तेव्हा मोबाइलवर सगळं तिनेच जोडून दिलं होतं.

"बाबा, नका करू," ती लगेच म्हणाली.

"तुला काय माहीत, मी काय करून राहिलो?"

"मी पण रोज पाहते ना. तुम्हाला सांगितलं नाही. आईचा मिक्सर झाला की मी उठते. तिचा कूलर लागला की ऑफिसातून तुम्हाला मेसेज टाकते, जेवलात का म्हणून. तुम्हाला वाटलं, मला आपोआप सुचतं?"

प्रफुल्लला खरंच तसं वाटलं होतं. एकाच रेषेशी दोन टोकांना दोघं बसले होते आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं.

"तीनला एक उंचवटा येतो, पाहिला का?" त्याने विचारलं.

"अनोळखी उपकरण. हो. काय आहे ते?"

त्याने सांगितलं. निळी पिशवी, टॉवेल, सोमवार ते शुक्रवार.

"आर्या, ऐक. ते यंत्र तिची आठवण ठेवत नाही. ते आज ती असती तर काय झालं असतं ते सांगते. म्हणजे आजही तीनला तिचं दुखलं. उद्या दुखेल. परवा शनिवार, तर त्या दिवशी नाही दुखणार, कारण शनिवारी मी घरी आहे असं त्याला वाटतं. ते असं चालूच राहील. आपण दोघं सकाळी तिचा मिक्सर पाहायचा, म्हणून तिने दुपारी रोज पाठ शेकत बसायचं का?"

आर्या रडत होती. रडता रडता म्हणाली, "उद्या सकाळचं एकदा पाहू द्या. मग करा."

"बरं."

सकाळी पाच चाळीसला दोघं फोनवर होती. गीझर लागला, उतरला. सहा दहाला मिक्सर लागला. तिकडे आर्याने आपला चहा ठेवल्याचा आवाज आला. "चटणी असन," प्रफुल्ल म्हणाला. "शेंगदाण्याची," आर्या म्हणाली. "इतका वेळ शेंगदाण्यालाच लागायचा तिला." आठला त्याने नोंद केली. तिचं नाव, तारीख. यंत्राने विचारलं, 'नक्की?' त्याने होकार दिला. तुटक रेषा गेली आणि तिच्या जागी मजकूर आला, 'नव्याने शिकत आहे.'

*

अहवाल गेला. तेरा पूर्णांक नऊ.

त्या उन्हाळ्यात बॅटरी आली नाही. आरोग्य केंद्रातली वीज दुपारी जातच राहिली आणि पानठेल्यावरची चार माणसं प्रफुल्ल आला की बोलायची थांबायची. एक जण तोंडावर म्हणाला, "शाल घेतानी तं काही बोलला नाहीस गड्या." प्रफुल्लने शाल आरोग्य केंद्रात नेऊन दिली आणि प्रमाणपत्र कंपनीला परत पाठवलं. संयुक्ताला कंपनीने बोलावलं नाही. ती यवतमाळच्या एका पाणी प्रकल्पावर लागली. मॅडमनी दोघांना चांगले गुण दिले, पण पहिला क्रमांक दुसऱ्याच जोडीला गेला.

अहवालातली एक गोष्ट मात्र कंपनीने उचलली. ती शेवटच्या पानावर होती आणि तिची भाषा व्यवस्थापनाच्या पुस्तकातली अजिबात नव्हती. प्रफुल्लने लिहिलं होतं की लोकांना कोण गेलं ते विचारू नये. आमच्याकडे कुणी तसं सांगत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एखाद्या सायंकाळी एवढंच विचारावं, आज घरात किती ताटं मांडली? त्याचं उत्तर लोक खरं देतील, कारण त्यात कुणाला घालवावं लागत नाही.

जुलैत ते सुरू झालं. लीलाबाईंकडे पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा प्रफुल्ल तिथेच होता. त्यांना मोबाइलचं जमत नव्हतं म्हणून तो भरून देत होता.

"दोन," त्या म्हणाल्या. "एक माझं, एक म्हाताऱ्याचं. पोळ्याले इचारजो. तवा सहा सांगीन." आणि खरंच पोळ्याला सहा सांगितली. कानोसाने त्या दिवसापुरतं घर सहा माणसांचं धरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघांचं.

जुलैतल्या त्या पहिल्याच दिवशी प्रफुल्ल घरी आला, तर त्याच्याही मोबाइलवर प्रश्न येऊन पडला होता. 'आज सायंकाळी घरात किती ताटं मांडली?' खाली आकड्यांची ओळ होती, शून्यापासून.

त्याने ओट्याकडे पाहिलं. वरणभाताचं पातेलं, त्यात चमचा. एकही ताट नव्हतं. खरं उत्तर शून्य होतं. शून्य लिहिलं तर यंत्र पुढची रेषा तशीच रचणार होतं, या घरात कुणी राहत नाही म्हणून. आणि सूचना त्याचीच होती.

त्याने मोबाइल खिडकीत टेकवला. मग मांडणीवरून एक ताट काढलं. त्यावर धूळ बसली होती. ते घासलं, पुसलं, खाली चटईसमोर ठेवलं. भात वाढला, वरण वाढलं, कडेला लोणचं ठेवलं. पाण्याचा तांब्या भरून आणला. मांडी घालून बसला.

मग मोबाइल घेतला आणि एक लिहिलं.